दिलेला शब्द आणि नवे पाचारण



धानाची कापणी-मळणी आटोपली की आपल्या भंडारा जिल्ह्यातील बरेच जवान सुट्टीवर घरी येतात. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात त्यांची भेट होते. अशाच एका सुट्टीत तुमसरकडचा एक तरुण आमच्याजवळ येऊन थांबला. सैन्याच्या वैद्यकीय दलात तो नर्सिंग असिस्टंट आहे. जखम धुणे, सलाईन लावणे, जखमी सोबत्याला स्ट्रेचरवरून खाली आणणे, यात त्याची नऊ वर्षे गेली. आता त्याला फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण घ्यायचे आहे. फॉर्म आणून ठेवला आहे, पण पेन पुढे सरकत नाही.

तो म्हणाला, "बाबा म्हणतात, पेन्शनला सहा वर्षे उरली, आता हे खूळ कशाला? आणि मला वाटते, तुकडी सोडून जाणे म्हणजे दगाच नाही का? साहेबांना न सांगता आधी फॉर्म भरून टाकू का?"

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. एका ठिकाणी शब्द दिलेला असताना दुसरीकडून हाक आली, तर काय करावे, हा तो प्रश्न आहे.

आधी हा पेशा काय आहे ते समजून घेऊ. फिजिशियन असिस्टंट हा डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्णाला तपासतो, त्याची हकीकत लिहून घेतो, शस्त्रक्रियेत मदत करतो, वॉर्डात लक्ष ठेवतो. तो डॉक्टर नव्हे. विशेष म्हणजे हा पेशा सैनिकांमधूनच उभा राहिला. १९६५ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी पहिला वर्ग सुरू केला, तेव्हा त्यातील चारही विद्यार्थी नौदलात वैद्यकीय सहायक म्हणून काम केलेले होते. नोकरीत शिकलेले हात वाया जाऊ नयेत आणि डॉक्टरांची उणीव भरून निघावी, हा त्यामागचा विचार. आज तेथे जवान नोकरीत राहूनच या शिक्षणासाठी अर्ज करू शकतो आणि निवड झाली तर सैन्यच त्याला शिकवते. भारतात १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने हे शिक्षण सुरू झाले. परंतु आपल्याकडे हा अभ्यासक्रम पूर्ण वेळेचा, इंटर्नशिप धरून साधारण चार वर्षांचा आहे. ड्युटी सांभाळून तो होत नाही. म्हणजे पंधरा वर्षे भरेपर्यंत थांबायचे, नाहीतर मुदतीआधी सेवामुक्ती मागायची. २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांपुढे तर चारच वर्षांनी 'पुढे काय?' हे उभे राहते.

मग अशी इच्छा धरणे हा दगा आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सैनिकाच्या सेवेला मान दिला. देशाची सुरक्षितता राखणारा तो शांतीलाच हातभार लावतो, असे सांगितले. पण सेवेला मान देणे म्हणजे माणसाला जन्मभर एकाच जागी बांधणे नव्हे. सैन्याच्या नियमांतच सेवामुक्ती मागण्याची वाट आहे. त्या वाटेने जाणारा शब्द मोडत नाही. चूक कुठे होईल, तर लपवण्यात.

येथे टूर्सचे संत मार्टिन आठवतात. भिकाऱ्याला अर्धा झगा देणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांचे चरित्रकार सुल्पिसियस सेव्हेरस आणखी एक प्रसंग सांगतात. मार्टिन यांना सैन्य सोडायचे होते. ते रात्री पळून गेले नाहीत. सम्राटासमोर उभे राहून त्यांनी मुक्ती मागितली. उद्याच्या लढाईला भ्यालास, असा टोमणा त्यांना ऐकावा लागला. तेव्हा शस्त्राशिवाय सगळ्यांच्या पुढे उभे राहण्याची तयारी त्यांनी दाखवली. जो सोडून जाताना तोंडावर सांगतो, त्याला भित्रा म्हणता येत नाही. म्हणून त्या तरुणाला आम्ही म्हटले, "आधी साहेबांना सांग, मग फॉर्म भर. आणि जाईपर्यंतच्या दिवसांत तुझ्या जागी येणाऱ्याला तुला येते ते सगळे शिकव." आपल्यावर सोपवलेली माणसे उघड्यावर टाकून केलेली रुग्णसेवा कोणाची सेवा म्हणावी?

दुसरी गोष्ट हेतूची. अर्जात 'हे शिक्षण का घ्यायचे आहे?' असे विचारले तर सुंदर वाक्ये लिहिता येतात. खरे उत्तर मात्र प्रार्थनेत द्यावे लागते. पगार वाढावा, मुलाबाळांजवळ राहता यावे, हेही हेतू वाईट नाहीत. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. न केलेले काम केले म्हणून लिहिणे मात्र पाप आहे. कारण त्या खोट्याची किंमत उद्या एखादा रुग्ण मोजेल.

तिसरी गोष्ट आपल्या गावांची आहे. सुई टोचता येणाऱ्या प्रत्येकाला आपण 'डॉक्टर' म्हणतो. सपाट प्रदेशात साधारण तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे सरकारी प्रमाण आहे. मग रात्री ताप चढला की लोक जवळच्या दारात जातात. सैन्यातून आलेल्या सहायकाला हा मोठा मोह असतो. पाटी लावावी, लोक येतातच! मत्तयच्या शुभवर्तमानातील शताधिपती आपल्या आजारी चाकरासाठी प्रभूकडे आला. आपणही दुसऱ्याच्या अधिकाराखाली आहोत, हे त्याने सरळ सांगितले आणि प्रभूने त्याच्या विश्वासाचे नवल केले. सहायकाचे मोठेपण त्यातच आहे. आपल्या हाती काय आहे हे त्याला कळते, आणि कुठे थांबून डॉक्टरला बोलवायचे हेही कळते. सैन्याने ही शिस्त ज्याला शिकवली, त्याने ती वर्दीबरोबर उतरवून ठेवू नये. आणि आपणही त्याला खोट्या पदवीने हाक मारू नये.

साहेबांनी नकार दिला तर? तर पाचारण संपले असे नाही. थांबलेल्या वर्षांत जखम तितक्याच प्रेमाने धुणारा माणूस त्या पाचारणातच जगत असतो. घरच्यांनाही एक विनंती. पेन्शनची काळजी खरी आहे, ती मांडावी. सहा वर्षांची बाकी लहान नाही. पण भीती घालून मुलाचा निर्णय आपण घेऊ नये आणि शेजाऱ्यांत मिरवण्यासाठी त्याला ढकलूही नये.

तो तरुण फॉर्म घडी करून खिशात ठेवून गेला. सुट्टी संपली की आधी साहेबांना भेटणार, असे म्हणाला. पुढे काय होईल ते देव जाणे. या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील सर्व जवानांसाठी प्रार्थना करू या. आणि प्रत्येकाने स्वतःला विचारावे : मी जिथून निघू पाहतो आहे, तेथील माणसांच्या डोळ्याला डोळा भिडवून मला निरोप घेता येईल का?