बुडण्याआधी बघून घेऊ?

“बुडण्याआधी एकदा बघून घेऊ.” फ्लोरिडा कीजला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात शेवटी सगळ्यांना पटलेलं कारण हे. तसं शिकागोतल्या डिसेंबरात दुसऱ्या कारणाची गरज नसते. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून निघायचं, दोन दिवस दक्षिणेला चालवत राहायचं आणि तिसऱ्या दिवशी हाफ पँटमध्ये समुद्रकाठी बसायचं, एवढं आमिष पुरेसं आहे. पण ऊब हवी म्हणून चाललो असं म्हणायला माणूस लाजतो. ‘बुडण्याआधी’ म्हटलं की सहलीला जरा वजन येतं.

हे कारण मला तेव्हापासून खटकतंय.

मायामीच्या दक्षिणेला मुख्य भूमी संपते आणि बेटांची माळ सुरू होते. तिला ओवणारा मोठा रस्ता एकच, यूएस-१. की वेस्टपर्यंत सुमारे ११३ मैल आणि ४२ पूल. कडेच्या हिरव्या पाट्यांवर मैल उलटे मोजलेले असतात, की वेस्टला शून्य. तिथले लोक पत्तासुद्धा मैलात सांगतात. पुलावरून जाताना शेजारी दुसरा, जुना, मध्येच तुटलेला पूल दिसतो. तो हेन्री फ्लॅगलरच्या रेल्वेचा. १९१२ मध्ये ती की वेस्टला पोचली आणि १९३५ मध्ये संपली.

ती कशी संपली हे आपल्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेले आणि महामंदीत बेकार झालेले सैनिक सरकारने या बेटांवर मोटाररस्त्याच्या कामाला आणले होते. समुद्राच्या पातळीपासून जेमतेम वर असलेल्या छावण्यांत, कच्च्या निवाऱ्यात ते राहत. २ सप्टेंबर १९३५ला चक्रीवादळ आलं. त्यांना बाहेर काढायला मायामीकडून गाडी निघाली, ती उशिरा. इस्लामोराडाला पोचली तेव्हा लाटेने डबे रुळांवरून उचलून फेकले, फक्त इंजिन उभं राहिलं. चारशेहून जास्त माणसं गेली, त्यातली निम्मी-अर्धी हे सैनिक. हेमिंग्वे तेव्हा की वेस्टला राहत होता. मदतीला जाऊन आल्यावर त्याने संतापून लिहिलं आणि विचारलं, यांना तिथे ठेवलं कोणी? रेल्वे पुन्हा बांधली गेली नाही. तिच्याच पुलांवरून १९३८ मध्ये मोटाररस्ता सुरू झाला. आज आपण ज्यावरून जातो तो रस्ता त्याचाच वारस आहे.

त्या रात्री खरा फरक होता तो कोणाला निघून जाता येत होतं आणि कोणाला नाही, याचा. आजही तोच आहे. आम्ही भाड्याने घेतलेलं घर स्वच्छ करायला येणाऱ्या बाई पहाटे मुख्य भूमीवरच्या फ्लोरिडा सिटीतून बसने निघत. बेटांवरची भाडी त्यांच्यासारख्यांना परवडत नाहीत. आणि ती का परवडत नाहीत, तर सुट्टीला येणारे आमच्यासारखे लोक आठवड्याला त्याहून जास्त मोजायला तयार असतात म्हणून. थंडीपासून पळून जाणं ही आपली चैन, रोज दोन-दोन तास बसमध्ये बसणं हा त्यांचा नाइलाज, आणि दोन्ही त्याच रस्त्यावरून.

आपल्याकडे कोणी गेलं की अंत्यदर्शनाला जातात. जाणारा गेलेला असतो. आपण जातो ते मागे राहिलेल्यांसाठी. आजाऱ्याला भेटायला जातो तेव्हाही रिकाम्या हाताने जात नाही, काय हवं-नको विचारतो. ‘बुडण्याआधी बघून घेऊ’ यात यातलं काहीच नाही. बघणारा स्वतःसाठी येतो, फोटो घेतो, आणि जिवंत माणसाला गेलेला धरून चालतो. मुंबईबद्दल कोणी परका असं म्हणाला, की बघून घ्या, नंतर राहणार नाही, तर आपल्याला कसं वाटेल?

कारण बेटं अजून आहेत आणि तिथल्या लोकांना रोज निर्णय घ्यावे लागताहेत. २०१९ मध्ये की लार्गोच्या एका वस्तीत जवळपास तीन महिने रस्त्यावर खारं पाणी साचलं होतं. त्याच वर्षी शुगरलोफ की बेटाच्या टोकाकडचा तीन मैलांचा रस्ता उंच करण्याचा हिशोब मांडला गेला: सुमारे साडेसात कोटी डॉलर, आणि त्यावर घरं दोन डझनांच्या आसपास. एवढे पैसे एवढ्या घरांसाठी खर्च करावेत का, हा प्रश्न तिथल्या अधिकाऱ्यांनी उघडपणे विचारला. मला तो क्रूर वाटला नाही, प्रामाणिक वाटला. आपण मात्र बाहेरून त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. ‘बुडणारच’ म्हटलं की कोणाचा रस्ता उचलायचा, कोणाला किती भरपाई द्यायची, यातलं काहीच विचारावं लागत नाही.

मग जाऊच नये का? नवऱ्याचा हाच सवाल, आणि तो सोपा नाही. आमच्या गाडीचा धूर त्याच समुद्राला तापवतो, हे खरं. जुलै २०२३ मध्ये तिथल्या मॅनाटी उपसागराच्या उथळ पाण्यात ३८ अंश सेल्सिअसहून जास्त तापमान मोजलं गेलं. प्रवाळ पांढरे पडू लागले म्हणून काही उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले. पण आम्ही घरी बसलो तर त्या बाईंचं काम जातं. घरी बसल्याने हात स्वच्छ राहतात ते आमचे. त्यांच्या घरभाड्याचं काय?

मला वाटतं, जायला हरकत नाही. ते कारण मात्र सोडायला हवं. ऊब हवी होती म्हणून आलो, एवढं सरळ म्हणावं. पाहुणा म्हणून आलो की पाहुण्याची बंधनं आपोआप येतात. बिग पाइन बेटावर हरणांची एक जात आहे, जेमतेम अडीच फूट उंचीची, जगात फक्त या भागात उरलेली. त्यातली कितीतरी गाड्यांखाली मरतात, म्हणून रात्री तिथे वेगमर्यादा ३५ मैल असते. त्यांना खायला घालणं बेकायदेशीर आहे. मुलीच्या हातात बिस्किटं होती आणि हरीण गाडीपासून चार पावलांवर. तिने विचारलं, “एकच दिलं तर?”

पुढच्या डिसेंबरचं अजून काही ठरलेलं नाही. नवरा म्हणतो, जाऊ. मी भाड्याच्या घराऐवजी दुसरीकडे कुठे राहता येईल ते शोधते आहे.