शेजारच्या दांताचा रंग

हुबेहूब अनुकरण करणें आणि फसविणें या दोन क्रिया एकच कीं भिन्न, हा नीतिशास्त्रांतील जुना प्रश्न आहे. खोटें नाणें पाडणाऱ्यास आपण तुरुंगांत घालतों आणि राजाचें सोंग वठविणाऱ्या नटास हार घालतों. दोघांचेंही कौशल्य अनुकरणाचेंच. मग एकास शिक्षा व दुसऱ्यास मान कां? नटाची गोष्ट सोपी आहे, कारण तिकीट काढून आंत बसलेल्या प्रेक्षकास हा खरा राजा नव्हे, हें ठाऊक असतें. परंतु जें अनुकरण पाहणाऱ्यास कळूं नये अशाच हेतूनें केलेलें असतें, आणि तरीही ज्यानें कोणी लुबाडला जात नाहीं, त्यास काय म्हणावें?

बदलापुराजवळच्या खरवईंत राहणाऱ्या माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांच्या घरीं हा प्रश्न मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत उपस्थित झाला. मुलगी लहानपणीं पडली होती; पुढच्या दोन दांतांपैकीं एक त्या वेळीं दुखावला आणि पुढें काळवंडला. दंतवैद्यानें त्यावर पोर्सेलीनचा, म्हणजे चिनी मातीचा, पातळ पापुद्रा बसविला. त्यास इंग्रजींत व्हेनीर म्हणतात. ही गोष्ट वरपक्षास सांगावी कीं नाहीं? विचारलें नाहीं तें सांगावयाचें कशाला, असें आईचें म्हणणें. न सांगणें हेंही खोटेंच, असें वडिलांचें.

निवाडा करण्यापूर्वीं ही कारागिरी समजून घेतली पाहिजे. आरंभीं हॉलिवुडांतील चार्ल्स पिंकस या दंतवैद्यानें नटनटींच्या दांतांवर चित्रीकरणापुरते असे पापुद्रे चिकटविले; तें निव्वळ सोंग होतें, काम संपलें कीं काढून ठेवावयाचें. १९५५ सालीं बुओनोकोर यांनीं दांताच्या कवचावर आम्लाची क्रिया केल्यास त्यावर राळ पक्की धरते, हें दाखविलें. आणि १९८३ च्या सुमारास पोर्सेलीनही तसेंच टिकाऊ रीतीनें जोडतां येऊं लागलें. पापुद्र्याची जाडी अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास असते. खरी कसोटी आहे ती रंगाची. दांत पांढरा, असें आपण सहज म्हणतों; पण नैसर्गिक दांत हिरडीपाशीं पिवळसर, मध्यें उजळ आणि कडेला किंचित् निळसर व पारदर्शक असतो, आणि सुळा तर पुढच्या दांतांहून गडद. वैद्य सोळा छटांची पट्टी हातीं घेऊन, ओठांचा रंग पुसावयास लावून, दिवसाच्या उजेडांत शेजारचा दांत न्याहाळतो. तेंही आरंभींच उरकावें लागतें, कारण तोंड उघडें राहून दांत सुकला कीं तो आहे त्याहून पांढरा दिसतो. एका दिव्याखालीं जुळलेली छटा दुसऱ्याखालीं वेगळी भासते. खालचा दांत काळवंडलेला असला तर त्याचा काळेपणा पापुद्र्यांतून डोकावतो. तो झांकावा म्हणून पापुद्रा अपारदर्शक केला, तर दांत खडूसारखा निर्जीव दिसतो. म्हणूनच पुढचा एकच दांत जुळविणें हें काम फार अवघड समजलें जातें.

यांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. चांगला वैद्य येथें शेजारच्या दांताची नक्कल करतो, आदर्श दांताची करीत नाहीं. शेजाऱ्यावर बारीक भेग वा पांढुरका ठिपका असेल, तर तोही तो नव्या पापुद्र्यांत उतरवितो. ज्यास असेल त्याहून शुभ्र दंतपंक्ति हवी, त्यास लोकांनीं आपल्याकडे पाहावें असें वाटतें. शेजाऱ्यासारखा दांत मागणाऱ्याची इच्छा एवढीच कीं, त्या दांताकडे कोणी पाहूं नये.

तथापि वडिलांचा आक्षेप एवढ्यानें सुटत नाहीं. खरवईहून थोड्याच अंतरावर अंबरनाथचें शिवालय आहे. त्यावरील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा. अशा प्राचीन वास्तूंच्या दुरुस्तीविषयीं १९६४ सालीं व्हेनिस येथें तज्ज्ञांनीं जी सनद केली, तींत नवा भाग जुन्याशीं सुसंगत असावा, पण तो नवा आहे हें ओळखूंही यावें, असें तत्त्व घातलें आहे. दगडास जी सचोटी लावावयाची, ती दांतास कां लावूं नये?

कारण असें कीं, कोरीव दगड पाहून अभ्यासक शिल्पाचा काळ ठरवितो व त्यावर इतिहास रचतो; तेथें बेमालूम जोड ही खोटी साक्ष होते. अनुकरण दोषास्पद ठरतें तें दुसरा त्यावर विसंबून कांहीं ठरवीत असेल, आणि खरें कळण्याचा त्यास हक्क असेल, तेव्हां. लग्नही असेंच विसंबून ठरतें, असें कोणी म्हणेल. परंतु पडून दुखावलेला दांत मुलाबाळांत उतरत नाहीं, कीं संसारास आड येत नाहीं; गंभीर आजार लपविणें ही गोष्ट निराळी. बाजारांत बैलाचे दांत पाहतात, कारण त्यावरून वय कळतें आणि किंमत ठरते. मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींस तसला अधिकार नाहीं. त्यांच्यापुढें दांताचा इतिहास वाचून दाखविण्याचें ऋण कोणावरही नाहीं. मात्र कोणीं सरळ विचारल्यास खोटें बोलूं नये.

ज्याच्याशीं जन्म काढावयाचा, त्याची गोष्ट वेगळी. नैसर्गिक दांत वयाबरोबर पिवळे पडत जातात, पोर्सेलीन जवळजवळ आहे तसेंच राहतें. आज जुळलेला रंग पुढें उघड होईल, बहुधा कांहीं वर्षांनीं पापुद्रा बदलावाही लागेल. घरांत हें आधींच ठाऊक असेल तर तो दिवस खर्चाच्या दोन शब्दांत निघून जाईल. नसेल तर दांताहून मोठें कांहीं काळवंडेल. म्हणून होकार देण्यापूर्वीं त्या एका माणसास हें सांगणें इष्ट, आणि त्यानेंही आपलें असें कांहीं असेल तर तें सांगावें. परंतु सांगण्याचा अधिकार जिचा दांत तिचाच. आईनें मौनाचा आणि वडिलांनीं सत्याचा पक्ष घेण्यापूर्वीं तिला विचारावयास हवें.