रानडुकराच्या देहातील गोळी

निसर्ग आणि उद्योग यांचा विषय निघाला की आपले मन फार लवकर न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसते. झाड तोडणारा दुष्ट, झाड राखणारा सज्जन, असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो. हयाओ मियाझाकी या जपानी दिग्दर्शकाचा १९९७ साली प्रदर्शित झालेला 'प्रिन्सेस मोनोनोके' हा ॲनिमेशनपट आपल्याला तेवढी सवलत देत नाही. (ॲनिमेशन म्हणजे बालगोपाळांची करमणूक, ही समजूत क्षणभर दूर ठेवावी; या चित्रपटात बाणांनी मुंडकी उडतात.)

कथा मध्ययुगीन जपानातील आहे. एबोशी नावाच्या स्त्रीने सरोवराकाठी लोखंड गाळणाऱ्यांची वसाहत वसविली आहे. लोहयुक्त वाळू आणि लाकडी कोळसा मातीच्या भट्टीत अहोरात्र जाळावा लागतो. त्या कोळशापायी डोंगर उघडे पडतात आणि वनदेवतांशी वैर जडते. परंतु भट्टीचा भाता पायांनी चालविणाऱ्या स्त्रिया कोण? एबोशीने कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या. बंदुका घडविणारे हात कोणाचे? चिंध्या गुंडाळलेले, कुष्ठरोग्यांचे. त्यांच्या सडत्या जखमा तिने स्वतः धुतल्या आहेत. कुष्ठरोग्यांना समाजापासून सक्तीने अलग ठेवणारा कायदा जपानमध्ये १९९६ साली रद्द झाला, हे ध्यानी घेतले म्हणजे या चित्राचे मोल कळते.

तेव्हा एबोशीची करुणा ढोंगी नाही. तिला कुंपण मात्र आहे. तिच्या बंदुकीची गोळी एका महाकाय रानडुकराच्या देहात रुतते. त्याच्या वेदनेचा द्वेष होतो, आणि तो द्वेष आपल्याला डोळ्यांनी दिसतो: अंगभर वळवळणारे काळे-तांबडे किडे. रेखाटलेल्या चित्रानेच हे साधावे! तो पिसाळलेला प्राणी धावत सुटतो आणि कोसो दूरच्या एका गावावर चालून जातो. गाव वाचविताना आशिताका हा तरुण त्याला ठार करतो आणि मरणाचा शाप त्या तरुणाच्या हातात उतरतो. त्याने झाड तोडले नव्हते, भट्टीवरची भाकरीही खाल्ली नव्हती.

आमच्या मते खरा प्रश्न येथेच आहे. 'माणसांना काम मिळते ना?' हा सवाल खोटा नव्हे. भुकेल्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण त्या हिशेबात कुंपणाबाहेरचा आशिताका कोठेच मांडलेला नसतो. उलट, लांडग्यांनी वाढविलेली सान माणसांना हाकलून द्यावयास निघते, तेव्हा ते कुष्ठरोगी कोठे जावेत, याचे उत्तर तिच्यापाशीही नसते.

शेवटी वनदेव मरतो. डोंगर पुन्हा हिरवे होतात, परंतु ते जुने अरण्य नव्हे. एक हात गमावलेली एबोशी वसाहत नव्याने, चांगली उभारू म्हणते. सान माणसांना क्षमा करू शकत नाही आणि रानात परतते. आशिताका मात्र भट्टीच्या गावातच राहावयाचे ठरवितो. त्याच्या तळहातावर शापाचा फिका डाग अजून आहे.