विभाग : गुण की नुसता अभाव?

वैशेषिक दर्शनात गुणांची गणना करताना संयोगाच्या पाठोपाठ विभाग येतो. कणादांच्या सूत्रांत गुण 17 आहेत आणि प्रशस्तपादांनी ते 24 केले. दोन्ही याद्यांत विभागाचे स्थान अढळ आहे. संयोग म्हणजे आधी वेगळ्या असलेल्या दोन द्रव्यांचे जुळणे, आणि विभाग म्हणजे त्या जुळणीचा नाश घडवणारा गुण. यावर आक्षेप स्वाभाविकच उठतो : दोन वस्तू सुटल्या म्हणजे त्यांचा संयोग उरला नाही एवढेच झाले, मग या ‘नसण्या’ला स्वतंत्र गुण कशाला मानायचे? हा वाद शतकानुशतके पोथ्यांतून झाला, पण तो तपासून पाहण्यास सोयीचे एक यंत्र आहे, ज्याचे सारे काम जोडणे आणि सोडवणे एवढेच आहे. ते म्हणजे मोटारीचा क्लच.

उदाहरणादाखल 1971 ते 1985 या काळात तयार झालेली, चारही चाकांना गती देता येणारी लँड रोव्हर सीरिज थ्री घ्यावी. तिच्यात इंजिनाला जोडलेले जड चक्र, म्हणजे फ्लायव्हील, आणि स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट आवळलेली असते, आणि ही प्लेट गिअरबॉक्सच्या दांड्यावरील खाचांवर पुढेमागे सरकू शकते. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरातील दट्ट्या ब्रेक ऑइल ढकलतो, नळीतून तो दाब खालच्या स्लेव्ह सिलिंडरात पोचतो, तेथून काटा आणि रिलीज बेअरिंग हलते आणि प्रेशर प्लेट मागे सरते. म्हणजे या यंत्रात संयोग ही स्वाभाविक स्थिती आहे आणि श्रम पडतात ते सुटण्यासाठी.

वैशेषिकांनी या घटनेचा क्रम बारकाईने लावला आहे : प्रथम क्रिया, क्रियेतून विभाग, विभागातून पूर्वसंयोगाचा नाश आणि शेवटी नव्या जागेशी संयोग. क्लच बिघडतो तेव्हा हा क्रम कोठे तुटला हेच कारागीर शोधत असतो. द्रव सहसा दबत नाही, हवा मात्र दबते. म्हणून नळीत हवा राहिली की पेडल पूर्ण खाली जाते, पण क्रिया वाटेतच जिरते, आणि ती हवा काढण्यासाठी एकाने पेडल दाबून धरावे आणि दुसऱ्याने खाली निपल उघडून, पाय उचलण्यापूर्वी, बंद करावे लागते. याउलट मास्टर सिलिंडरातील दांडा आणि दट्ट्या यांच्यात थोडी मोकळीक न ठेवता जुळणी केली तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, तेल टाकीत परतण्याचे छिद्र झाकले जाते, दाब अडकून राहतो आणि प्लेट घसरू लागते. पाय काढलेला असूनही संयोग पुरा होत नाही, अशी ही अवस्था. प्लेट झिजत जाते तसा स्लेव्हचा दट्ट्या आपोआप मागे सरतो, पण तेही हे छिद्र उघडे असेल तरच. जुळणीचा सगळा नाजूकपणा या एवढ्याशा मोकळिकीत आहे.

आता मूळ वादाकडे वळावे. दुकानातल्या खोक्यात पडलेल्या नव्या क्लच प्लेटचा गाडीतील फ्लायव्हीलशी संयोग नसतो, तरी ती फ्लायव्हीलपासून ‘सुटली’ असे कोणी म्हणत नाही. सुटण्यासाठी आधी जुळलेले असावे लागते. प्रशस्तपादांचे लक्षण नेमके हेच सांगते. प्रतिपक्ष मात्र एवढ्याने हार मानणार नाही. त्याच्या मते खोक्यातील प्लेटच्या बाबतीत अत्यंताभाव, म्हणजे संयोगाचे मुळातच नसणे, आहे आणि सुटलेल्या प्लेटच्या बाबतीत ध्वंस, म्हणजे असलेल्या गोष्टीचा नाश. अभावाचे हे दोन प्रकार मानले की विभाग हा गुण वगळता येतो. शिवाय वैशेषिकांचा विभाग क्षणभरच टिकतो, तेव्हा चालक पेडल दाबून जे धरून ठेवतो तो विभाग नव्हे; त्याचा पाय पुन्हा होऊ पाहणाऱ्या संयोगाचा प्रतिबंधक, म्हणजे अडवणारा, ठरतो. लाघवाच्या, म्हणजे कमीत कमी पदार्थ मानण्याच्या, कसोटीवर प्रतिपक्षच सरस ठरतो, हे मान्य करायला हवे.

तरीही गंजलेल्या खाचांचे उदाहरण त्याला अडचणीचे आहे. गाडी दीर्घकाळ ओलसर जागी उभी राहिली की दांड्यावरील खाचा गंजतात, प्लेट त्यांवरून सरकेनाशी होते, आणि प्रेशर प्लेट पूर्ण मागे सरूनही क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटून राहू शकते. पाय, तेल, काटा, बेअरिंग यांच्या सर्व क्रिया पूर्ण होतात, पण प्लेट सुटत नाही. क्रिया ‘योग्य जागी’ घडली नाही, असे उत्तर प्रतिपक्ष देईल. पण योग्य जागा कोणती हे विभाग घडल्यावाचून ठरवता येत नाही, आणि म्हणून क्रिया व नाश यांच्यामध्ये एक वेगळी पायरी मानण्याचा वैशेषिकांचा आग्रह ग्रंथात जड वाटला तरी कारखान्यात टिकतो.

याहून फसवी असते ती इंजिनाच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या दांड्याचे टोक पेलणारी ब्राँझची बुश. ती दांड्याला धरून बसली तर प्लेट निर्दोषपणे सुटूनही दांडा फिरतच राहतो, कारण एक संयोग नष्ट झाला तरी दुसरा, नजरेआड असलेला, शिल्लक असतो. लक्षण मात्र क्लच न सुटल्याचेच दिसते. या गाडीत तेथवर पोचण्यासाठी फरशीचे पत्रे, आसनाखालची पेटी आणि गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लच प्लेट बदलताना बुश चांगली दिसली तरी तीही त्याच वेळी बदलतात.