पाण्याला ठाऊक असलेला उतार

सायकलीवर बसण्याआधी दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडा. डांबरावर टणक टायर चांगला पळतो, पण आज आपण डांबर सोडणार आहोत. टायर किंचित मऊ झाला की तो जमिनीवर नीट टेकतो, खडा आला तर दबतो आणि खालची माती कशी आहे ते हातांपर्यंत पोचवतो. आजचं मनन हातांनी करायचं आहे. डोळे मिटायचे नाहीत. वेग मात्र इतका कमी ठेवायचा की डोक्यावर भारा घेऊन येणाऱ्या बाईला आपल्यासाठी वाटेवरून उतरावं लागू नये.

आज आपण फिरणार आहोत त्या छत्तीसगढमधल्या रायपुरात माधवराव सप्रे राहिले. १९०० साली पेंड्राहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढणारे आणि समर्थांचा दासबोध, टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेणारे सप्रे. आधी श्रवण, मग मनन, हा क्रम आपल्याला त्या परंपरेतूनच मिळाला. ऐकलेलं लगेच बोलून टाकायचं नाही, मनात घोळवायचं. आज कानांच्या जागी चाक आहे, एवढाच फरक. चाकाला जे लागेल ते घोळवत पुढे जायचं.

रायपूरला डोंगर नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर पसरलेलं हे मैदान, पश्चिमेला खारुन, पूर्वेला महानदी. आणि आपण बसलो आहोत ती सायकल तर डोंगरासाठी जन्मलेली. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही तरुणांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली एका मातीच्या रस्त्यावरून खाली सोडल्या. तीन-साडेतीन किलोमीटरांत सुमारे ४०० मीटरचा उतार. पायब्रेक दाबून दाबून मागच्या चाकाच्या तुंब्यातलं ग्रीस तापून वितळायचं आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला.

आपल्याकडे तो उतार नाही. मग इथे ही सायकल काय करणार? असं विचारणाऱ्याला मी नेहमी सांगतो, उतार आहे, पण तो डोळ्यांना दिसत नाही. तो पाण्याला दिसतो. इथल्या गावांनी तो पाण्याकडून शिकून घेतला आणि सगळी शेती त्याच्यावर उभी केली. तोच उतार आज हळूहळू अंगात भिनू द्यायचा आहे.

नवा रायपूरच्या सेंध तलावापाशी निघू या. रस्ते आखीव, सायकलीला वेगळी पट्टी. इथे काही करू नका, फक्त श्वास आणि पाय यांची लय जमू द्या. शेवटचं वळण गेलं की पट्टी सोडा आणि मुरमाच्या वाटेला लागा.

पहिली माती भाट्याची. लाल, खड्यांची, पाणी न धरणारी, माळाच्या सगळ्यात उंच भागावरची. खडे चाकाखाली गोट्यांसारखे सरकतात. हॅन्डल आवळून धरू नका. आवळलेल्या हातांना माती काही सांगत नाही. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, दहा-पंधरा हात पुढे ठेवा. सायकल नजरेमागे जाते. खड्ड्याकडे बघत राहिलात तर ती खड्ड्यातच जाणार. इथे थोडं थांबून स्वतःला विचारा, एरवी दिवसभर मी कशाकडे बघत असतो?

थोडं पुढे खडखड कमी होते. रंग पिवळसर होतो, माती बारीक होते. ही मटासी. तिच्याखाली डोरसा, आणि सगळ्यात खोलगट भागात कन्हार, आपल्या विदर्भातल्यासारखी काळी, भेगाळणारी, ओलावा धरून ठेवणारी. भाट्यापासून कन्हारपर्यंत तुम्ही किती उतरलात? बहुधा घराच्या एका मजल्याएवढंही नाही. तरी एवढ्याशा उतारात माती इतकी बदलली, पीक बदललं, शेताची किंमत बदलली. हजारो पावसाळे बारीक माती वरून खाली वाहत आली आणि इथे बसली. आता पाय थांबवा. पॅडल न मारता सायकल आपोआप पुढे जाते आहे का, एवढंच बघा. जात असेल तर तो उतार तुम्हाला सापडला.

याच उताराच्या मध्यावर तुम्हाला गावाचं तळं लागेल. छत्तीसगढीत तरिया. एखाद्या जुन्या गावाची श्रीमंती सांगायची तर लोक 'छै आगर छै कोरी' तळी होती म्हणतात, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, एकशे सव्वीस. शहरातले बूढा तालाब आणि तेलीबांधाही याच कुळातले. माळावरून आलेलं पाणी मातीचा बांध घालून अडवायचं, त्या बांधाला पार म्हणायचं, आंघोळीला दगडी पचरी, म्हणजे पायऱ्या, बांधायची. आणि नवं तळं झालं की त्याचं लग्न लावायचं. मधोमध सरईचा, म्हणजे सालाच्या लाकडाचा, खांब उभा करायचा. लग्न झालेल्या तळ्याचंच पाणी शुभकार्याला चालतं. पारावर सायकल टेकवा आणि तो खांब आहे का ते बघा. मला हे फार मोठं वाटतं. पाणी अडवणं हे नुसतं मातीकाम नव्हे, ते गावाशी जोडलेलं नातं आहे असं मानणारी माणसं ही वाट करून गेली. आपण ज्याच्यावरून सायकल चालवतो आहोत तो माती चोपून घातलेला बांध आहे. तो सायकलीसाठी घातलेला नाही.

ही गोष्ट मनात धरा. घाई नाही. पाण्याकडे बघत बसा.

तळ्याच्या खाली धानाची शेतं. बांधांवरून जेमतेम एका चाकाची वाट. या बांधांवर बाभळी असतात, त्या मुद्दाम राखलेल्या. फांद्या सरपणाला, लाकूड अवजारांना, आणि शिवाय बांध धरून ठेवायला मुळं. इथे टायरमध्ये काटा जाणार, हे धरूनच चाला. गेला की चिडू नका, खाली बसा. चाक हळूहळू फिरवा. पांढुरका, सरळ, दीड-दोन इंच लांब काटा सापडेल. टोक इतकं बारीक असतं की आत शिरल्याची जागाही चटकन दिसत नाही. टायरच्या आतून बोट फिरवा, पण सावकाश, कारण मोडलेलं टोक आतच राहिलं तर नवी ट्यूबही जाईल. काढलेला काटा तळहातावर ठेवून बघा. ज्या झाडाने हा बांध उभा ठेवला, त्याच झाडाचा हा काटा. बांध नसता तर वाटही नसती.

आता या मननातलं सगळ्यात महत्त्वाचं. मनानेच आषाढात या. इथे वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. धान फोकून पेरलेलं असतं. रोपं महिना-सव्वा महिन्याची झाली की शेतात वीतभर पाणी साठवून त्या उभ्या पिकातच हलका नांगर घालतात. याला बियासी म्हणतात. तण उपटलं जातं, दाट रोपं विरळ होतात, माती मोकळी होते. मग उपटलेली रोपं हाताने रिकाम्या जागी लावत जायचं, ती चलाई. पाणी साठलं नाही तर बियासी नाही, आणि पाणी साठतं ते या हातभर उंच बांधामुळे. ओल्या बांधावरून तुमचं चाक गेलं तर एक बारीक चर पडतो. तुम्ही पुढे निघून जाता. रात्री पाऊस येतो, पाण्याला तो चर सापडतो, कारण उतार त्याला ठाऊकच असतो. सकाळी बांध फुटलेला, शेत रिकामं. म्हणून ज्याला या वाटांवर प्रेम आहे त्याने पावसाळ्यात बांधांवर सायकल घालू नये. मुरमाचे रस्ते आहेत, माळ आहे, तिथे फिरावं. धान कापून झालं, बांध वाळून कडक झाले, की मग यावं.

जंगल हवं असेल तर महानदी ओलांडून सिरपूरच्या बाजूला जायचं. तिथून पुढे बारनवापारा अभयारण्य, बार आणि नवापारा या दोन गावांवरून नाव पडलेलं, १९७६ साली घोषित झालेलं, सुमारे २४५ चौरस किलोमीटरचं. सायकल अभयारण्यात न्यायची नाही, कडेच्या गावरानातून फिरायचं. तिथल्या वाटा सरळ का जात नाहीत, याचा विचार करत चाला. वाट मध्येच वळते, एका मोहापाशी जाते, तिथून दुसऱ्या मोहापाशी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात, बायका-मुलं टोपल्या घेऊन येतात, आणि अस्वलंही त्याच फुलांसाठी येतात. रानटी हत्तीही या भागात फिरतात. म्हणून पहाटेची वेळ त्यांची. आपण ऊन वर आल्यावर निघायचं, आणि आधी वनरक्षकाला विचारायचं. मोहाखाली झाडून साफ केलेली जमीन दिसली तर सायकल वळसा घालून न्यायची. ते कुणाचं तरी अंगण आहे असं समजायचं.

आणि वाट चुकली तर मोबाइल काढण्याआधी माणूस शोधा. पारावर कुणीतरी बसलेलं असतंच. सायकलीवरून खाली उतरून विचारा, "कका, ए रद्दा कहाँ जाथे?" बाई असतील तर दाई म्हणा. उत्तर बहुधा पाण्याच्या हिशेबानेच मिळेल, अमक्या तरियाच्या पाराने जा, नाला लागला की डावीकडे. कधी हात आडवा होईल, खाली थरहा टाकलेला आहे, म्हणजे धानाची रोपं, तिकडून जाऊ नका. मग सायकल वळवा आणि मोठ्या रस्त्याने परत या.