चाकूच्या खुणा

लाकडात कोरलेला एक गरुड, आणि त्या गरुडाचे जलरंगातले चित्र. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत अशी चित्रे जपून ठेवलेली आहेत. मूळ पक्षी असताना त्याची नक्कल कशाला, असे आम्हालाही प्रथम वाटले.

असे गरुड कोरणारा विल्हेल्म शिमेल हा मूळचा जर्मन. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावाच्या आसपास तो भटकत असे. खिशातल्या चाकूने पाइनचे लाकूड कोरायचे, रंगवायचे आणि तो पक्षी देऊन जेवण, रात्रीचा आसरा किंवा दारू मिळवायची. १८९० साली तो गरिबांच्या आश्रयगृहात वारला.

पुढे जागतिक मंदी आली. १९३५ पासून अमेरिकन सरकारने बेकार चित्रकारांना मजुरी देऊन जुन्या हस्तकलेच्या वस्तूंची हुबेहूब चित्रे काढून घेतली. १९४२ पर्यंत सुमारे १८,००० चित्रे झाली. त्यांत शिमेलचे गरुडही आले.

गरुडाच्या छातीवर पिसांसाठी चाकूच्या आडव्यातिडव्या खाचा आहेत. एक खोल, दुसरी उथळ. खाचेत रंग साचलेला, उंचवट्यावर झिजलेला. चित्रकाराने यातले काहीही सुधारायचे नव्हते. गुळगुळीत पक्षी काढणे किती सोपे गेले असते! पण चुकलेली खाच चुकलेलीच काढायची, तर मूळ हात कसा वळला असेल हे समजून घ्यावे लागते. एकेका चित्राला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागत. इतका वेळ जिवंत शिमेलकडे कोणी पाहिले असेल का?

ही त्याची भरपाई झाली, असे मात्र आम्हाला म्हणवत नाही. आज त्याचे गरुड लिलावात हजारो डॉलरला विकले जातात. लाकडी पक्ष्याचे कौतुक करणे सोपे. तो दार ठोठावत नाही, त्याच्या तोंडाला दारूचा वास येत नाही. आपणही प्रदर्शनातली बांबूची टोपली हातात घेऊन वीण न्याहाळतो, आणि दारावर टोपली विकायला आलेल्या बाईला सांगतो, "ही जरा वाकडी आहे, दहा रुपये कमी कर."

शिमेलला जेवू घालणारी माणसे साधी, शेतकरी होती. त्याच्या व्यसनाचा त्यांना त्रासही झाला असेल. पण ताट त्यांनी वाढले, पक्षी घरात ठेवला. म्हणून तर पुढे चित्रकाराला समोर ठेवायला पक्षी मिळाला.