एकट्याची सोबत

जपानमधील शिकोकू बेटावरील ८८ मंदिरांच्या सुमारे १२०० किलोमीटरच्या परिक्रमेत २३व्या याकुओजी मंदिरापासून मुरोतो भूशिरावरील २४व्या मंदिरापर्यंतची सुमारे ७५ किलोमीटरची वाट बरीचशी समुद्राच्या कडेने जाते, आणि तेथे एकट्या यात्रेकरूला दिवसभर चालूनही परिक्रमेतील एकही मंदिर लागत नाही. तरीही, जपानमधील शिंगोन या गूढमार्गी बौद्ध पंथाचे संस्थापक कूकाई (७७४–८३५) काठीच्या रूपाने त्याच्याबरोबर चालतात, अशी धारणा आहे. तिला ‘दोग्यो निनिन’, म्हणजे दोघांची सहयात्रा, म्हणतात. ही सोबत खरी की मानलेली, हा प्रश्न तत्त्वज्ञांचा; मुक्कामी पोचल्यावर स्वतःच्या पायांआधी काठीचे मळलेले टोक धुणाऱ्याला तो बहुधा पडत नसावा. कूकाई एकदा पुलाखाली झोपले होते, या आख्यायिकेमुळे पुलावर काठी टेकवत नाहीत; ते काठीत आणि पुलाखाली एकाच वेळी कसे, हे परंपरेला खटकलेले दिसत नाही.